वळण, वाटोळे आणि प्रवर्तन : फिरण्याच्या शब्दांचा एक पाठ

जूनअखेर शाळा उघडते तेव्हा आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात पत्र्याच्या पेट्यांची रांग लागते. पेटीवर खडूने किंवा रंगाने नाव लिहिलेले असते. आई पदराने मुलाचे तोंड पुसत असते आणि वडील कार्यालयाच्या दाराशी हात जोडून उभे असतात. ‘जय भीम’ झाल्यावर त्यांच्या तोंडून जे वाक्य येते ते मालेगावचे पालक असोत, मानोऱ्याचे असोत की रिसोडचे, जवळजवळ एकच असते : “सर, पोराले वळन लावा. घरी राहिला त वाटोळं होईन त्याचं.”

हे वाक्य आम्ही इतक्या वर्षांत शेकडो वेळा ऐकले. ऐकून मान डोलावली, फॉर्म भरून घेतला आणि पुढच्या पालकाला बोलावले. या एका वाक्यात वर्तुळाचे दोन शब्द आहेत, एकात पालकांची सगळी आशा आहे आणि दुसऱ्यात सगळी भीती, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. ते कसे आले हे सांगण्यासाठीच या स्मरणिकेची पाने आम्ही संपादक मंडळाकडून मागून घेतली.

आमचा विषय इतिहास. परंतु शाळेत इतिहासाच्या शिक्षकाच्या गळ्यात भूगोल पडतोच. वीस-बावीस वर्षांपूर्वी घटक चाचणीत आम्ही प्रश्न घातला होता : पृथ्वीच्या दोन गती सांगा. पाठ्यपुस्तकातील उत्तर ठरलेले आहे. स्वतःभोवती फिरणे ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरणे ते परिभ्रमण. एका मुलाने लिहिले होते की पृथ्वी सोताच्या आसावर गरगर फिरते आनं सूर्याच्या भवताल चकरा मारते. आम्ही त्या उत्तरावर लाल रेघ मारली आणि शून्य दिले. कारण उघड होते : दोन्ही पारिभाषिक शब्द नाहीत, भाषा अशुद्ध आहे. त्याच वर्गातील दुसऱ्या मुलाने दोन्ही शब्द ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक न करता लिहिले. त्याला पूर्ण गुण मिळाले. पुढच्या आठवड्यात फळ्यासमोर एक मुलगा सूर्य आणि एक मुलगा पृथ्वी करून आम्ही विचारले, “परिवलन करून दाखव.” पूर्ण गुणांचा मुलगा सूर्याभोवती पळत सुटला. शून्य गुणांचा मुलगा शेवटच्या बाकावर बसून हसत होता. त्याचे हसणे आम्हांला त्या दिवशी उद्धटपणाचे वाटले, हेही कबूल केले पाहिजे.

त्या रात्री शब्दकोश काढून बसलो. परिवलन म्हणजे परि आणि वलन. वलनाच्या मुळाशी ‘वल्’ हा धातू आहे आणि त्याच धातूचे प्राकृतातून आलेले मराठी रूप आहे वळणे. दोरी वळतात, शेवया वळतात, लाडू वळतात, कूस वळतात. या प्रत्येक क्रियेत वस्तू आपल्या ठिकाणीच पीळ घेते, स्वतःभोवती फिरते. अंबाडीची दोरी मांडीवर वळणारा म्हातारा जी क्रिया करतो तीच पृथ्वीची पहिली गती होय. दुसरा शब्द परिभ्रमण. त्यात ‘भ्रम्’ आहे आणि त्याचे घरगुती रूप आहे भोवणे, भवणे. त्यापासूनच भोवती, भोवताली, सभोवार हे शब्द झाले. म्हणजे परिभ्रमण ते भोवतीचे आणि परिवलन ते वळण्याचे. आमच्या त्या मुलाने ‘भवताल’ लिहिले होते. पाठ्यपुस्तकातील शब्दाचे मूळच त्याने लिहिले होते आणि आम्ही त्याला शून्य दिले होते!

दुसऱ्या दिवशी ही जोडी आम्ही फळ्यावर मांडली. त्यानंतर त्या वर्गात दोन शब्दांची अदलाबदल करणारे फार थोडे उरले. एक अडचण मात्र राहिली आणि ती एका मुलीने दाखवून दिली. भोवरा हा शब्दही ‘भ्रम्’चाच. मग भोवरा परिभ्रमण करतो का? नाही. तो आपल्या लोखंडी आरेवर उभा राहून स्वतःभोवतीच फिरतो, म्हणजे त्याची गती परिवलनाची. शब्दाचे मूळ नेहमी शास्त्राच्या व्याख्येशी जुळेलच असे नाही. जुन्या भाषेत भ्रमणामध्ये दोन्ही प्रकारचे फिरणे येत असे. दोन शब्दांत काटेकोर वाटणी शास्त्राने नंतर केली. मात्र जोर कमी झालेला भोवरा डोलू लागतो आणि फिरता फिरता जमिनीवर गोल रेखाटतो तेव्हा त्याच्यात दोन्ही गती एकदम दिसतात. म्हणून वर्गात आम्ही प्लास्टिकच्या पृथ्वीगोलापेक्षा भोवराच अधिक वापरतो. (डोक्यावरचाही भोवरा असतो. वसतिगृहात केस कापणारे दादा येतात तेव्हा दोन भोवऱ्यांचा एखादा मुलगा निघतोच आणि त्याची दोन लग्ने होणार म्हणून आठवडाभर त्याची थट्टा चालते. आमच्या माहितीतील दोन भोवऱ्यांच्या एका गृहस्थांचे एकही लग्न झालेले नाही.)

फिरण्याच्या नादाचे शब्द हे एक वेगळेच भांडार आहे. गरगर फिरते ते एका लयीत. गरागरा फिरवतात ते जोराने, दुसऱ्याने धरून. गोफण गरागरा फिरते, पंखा गरगर फिरतो. भिरभिर हे हलक्या वस्तूचे, पानाचे, कागदी भिंगरीचे. घिरट्या घालते ती घार. गिरकी घेतो तो नाचणारा. घरघर जात्याचीही आणि मरणाऱ्याच्या घशाचीही. भोवळ, घेरी आणि चक्कर यांत आम्ही पूर्वी भेद करीत नव्हतो. एकदा सकाळच्या वंदनेच्या वेळी रांगेतील नवी मुलगी खाली कोसळली. मैत्रिणी म्हणाल्या, “चक्कर आली.” तिची आजी भेटायला आली तेव्हा म्हणाली, “भोवळ आली असन, उपाशीपोटी भोवळ येते.” मुलगी आदल्या दिवशी घरून न जेवता निघाली होती आणि रात्री लाजून ताटावर बसली नव्हती. आजीने शब्द अचूक निवडला होता. तेव्हापासून पहिल्या रात्रीच्या पंगतीत नव्या मुलांच्या शेजारी जुने मूल बसवण्याचा रिवाज आपल्याकडे पडला. माजी विद्यार्थ्यांना तो आठवत असेल, कारण अनेकांनी ही कामगिरी केली आहे.

आता चाकाकडे येऊ. त्या मुलाच्या उत्तरात ‘आस’ होता. पृथ्वीचा आस 23.5 अंशांनी कललेला आहे असे पुस्तक सांगते, परंतु आस हा शब्द पुस्तकाच्याही आधी बैलगाडीचा आहे. दोन चाकांना जोडणारा तो आस; चाकाच्या मध्यभागी तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे आणि घेरावर लोखंडी धाव. ज्याच्या आजोबांनी आसाला वंगण घातले आहे त्याला पृथ्वीचा आस समजावून सांगावा लागत नाही. फक्त एवढे सांगावे लागते की पृथ्वीच्या आसाला लाकूडही नाही आणि वंगणही नाही.

या तुंब्याच्या भोकावरून एक मोठा शब्द आला असे काही अभ्यासक मानतात. ‘ख’ म्हणजे पोकळी, चाकाच्या मधले छिद्र. ते नीट कोरलेले असले की ‘सुख’, वेडेवाकडे असले की गाडी धक्के खाते ते ‘दुःख’. दुसरे अभ्यासक हा शब्द ‘दुःस्थ’पासून काढतात, म्हणजे वाईट स्थितीत असलेला. वाद मिटलेला नाही. परंतु धम्मपदाच्या पहिल्याच गाथेत दुःखासाठी गाडी ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागून येणाऱ्या चाकाची उपमा आहे, ही गोष्ट या संदर्भात आम्हांला महत्त्वाची वाटते. तथागतांचे श्रोते चाकाच्या वाटेवरून चालणारे लोक होते.

चक्र हा संस्कृत शब्द, पालीत आणि प्राकृतात चक्क, मराठीत चाक. वऱ्हाडात पिठाच्या गिरणीला आपण चक्की म्हणतो, तीही याच घरातली. चाकांनी पाडलेली वाट ती चाकोरी. फारसीत याच शब्दाचे भावंड चर्ख आहे आणि त्यावरून आपल्याकडे चरखा आला. आणखी दूर गेलो तर ग्रीक भाषेतील किक्लोस, ज्यावरून सायकल, आणि इंग्रजांचे व्हील, हेही याच कुळातले. आपल्या शाळेत येणारा मुलगा सायकलच्या चाकाची हवा गेली म्हणून उशीर झाल्याचे सांगतो तेव्हा एकाच वाक्यात तो एका जुन्या कुटुंबातील दोन दूरच्या भावांची भेट घडवून आणतो.

चरखा आणि चक्र या दोन भावंडांची गाठ आपल्या राष्ट्रध्वजावर पडली. झेंड्याचा विचार करण्यासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली होती तिच्यात बाबासाहेबही सदस्य होते. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने ध्वज स्वीकारला. त्या वेळी आधीच्या झेंड्यावरील चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील 24 आऱ्यांचे चक्र आले. पंडित नेहरूंनी सभेत दिलेल्या कारणांत एक अगदी व्यवहारी होते : चरख्याच्या एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती, त्यामुळे झेंड्याच्या मागील बाजूने चित्र उलटे दिसे, चक्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर चक्राने चक्राचीच जागा घेतली. अर्थाच्या दृष्टीने मात्र फार मोठे अंतर पडले, हे या वाचकवर्गाला सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्या आधीच्या पिढीला अनेक शाळांत टकळीवर सूत कातावे लागे. तेवढ्याने गरिबी हटली नाही. मराठीला ‘तोंडाची टकळी’ मात्र पूर्वीपासून होतीच, आणि आमच्या तासाला आजही ती मागच्या बाकावर चालू असते.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर जात्याबद्दलही लिहिले पाहिजे. जाते हा शब्द ‘यंत्र’ या शब्दाचा वंशज आहे. पहाटेच्या अंधारात खुंट्याला धरून दगडाची जड तळी फिरवणाऱ्या आमच्या आया-आज्यांनी यंत्रच चालवले, फक्त त्या यंत्राला जोर त्यांच्या खांद्यांचा लागे. त्या दळताना ओव्या म्हणत आणि पुढे त्या ओव्यांत बाबासाहेब आले. त्या ओव्या अनमोल आहेतच, पण ओव्यांच्या प्रेमापोटी जात्याचे गोडवे गाणाऱ्या लेखांचा आम्हांला कंटाळा येतो. गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली ती याचसाठी की यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती उभी राहत नाही. गावात चक्की आली तेव्हा आमच्या आईला पहाटेचे दोन तास मिळाले. त्या दोन तासांत ती पन्नाशीजवळ अक्षरे शिकली. आपल्या अक्षराला वळण नाही म्हणून तिला फार लाज वाटे.

खळ्यावरची गोष्ट मुलांना सर्वांत अधिक आवडते, जरी आता मळणी यंत्रावर होते आणि खळे आजोबांच्या बोलण्यातच उरले आहे. मधोमध खांब रोवायचा आणि त्याच्याभोवती एका दोरीत जुंपलेल्या बैलांची पात फिरवायची. सर्व बैल एक फेरा एकाच वेळी पूर्ण करतात, परंतु खांबाजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि कडेच्या बैलाला लांब लांब ढांगा टाकाव्या लागतात. खांबापासूनचे अंतर दुप्पट असेल तर त्याला दुप्पट वाट चालावी लागते. म्हणून म्हातारा किंवा लंगडा बैल आत आणि दमाचा बैल बाहेर. पृथ्वीवरही हेच घडते. तिचा फेरा सर्वांचा सारखाच, परंतु विषुववृत्तावरचा माणूस ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने फिरतो. वाशीम 20 अंश उत्तर अक्षांशाजवळ असल्याने आपण थोडे आतल्या बाजूचे बैल आहोत. आपला वेग ताशी सुमारे 1570 किलोमीटर. ध्रुवावरचा माणूस खांबाजवळच्या बैलासारखा जागीच वळतो.

या दोन गती एकमेकींत कशा गुंतल्या आहेत तेही पाहण्यासारखे आहे. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजले तर पृथ्वीचे एक परिवलन 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांत पूर्ण होते. मग दिवस 24 तासांचा कसा? कारण तेवढ्या अवधीत पृथ्वी परिभ्रमणाच्या वाटेवर सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते आणि सूर्य पुन्हा समोर येण्यासाठी तिला आणखी सुमारे चार मिनिटे वळावे लागते. एक अंश म्हणजे चार मिनिटे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. आपल्या गावाच्या एका अभिमानाची परीक्षा त्यावर करता येते.

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरील स्थळे सांगताना उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचे नाव घेतले आहे. हा मान खराच. पण उज्जैनचे रेखांश पावणेशहात्तर अंशांच्या आसपास आणि वाशीमचे सत्त्याहत्तर अंशांच्या थोडे पुढे. म्हणजे सव्वा अंशाहून अधिक फरक. आपल्याकडे सूर्य उज्जैनच्या पाच मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळाप्रमाणे मात्र तो बाराला येतच नाही. आपली वेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावरून ठरलेली असल्यामुळे वाशीमचा मध्यान्ह सरासरीने बारा वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास होतो. मैदानात काठी रोवून मुले हे स्वतः तपासतात. पृथ्वीच स्वतःभोवती फिरते हे आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये चालत्या नावेतून मागे जाणाऱ्या काठाचा दाखला देऊन सांगितले होते. ब्रह्मगुप्तासारख्या मोठ्या ज्योतिषाने ते नाकारले आणि पुढे कित्येक शतके पृथ्वी ग्रंथांत स्थिरच राहिली.

वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. या शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशीम येथे 1939 साली उजेडात आला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा, व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. दान कोणाला मिळाले हे सांगायला नकोच, ब्राह्मणांनाच मिळाले. आम्हांला त्यात महत्त्वाची वाटते ती भाषेची वाटणी. ऐट मिरवायची तेव्हा संस्कृत. गावच्या लोकांना हुकूम समजला पाहिजे तेव्हा प्राकृत. चाक, वळणे, भोवणे हे शब्द याच दुसऱ्या वाटेने आपल्या घरी आले. ‘भवताल’ला अशुद्ध म्हणून लाल रेघ मारणाऱ्या शिक्षकाला आपल्याच गावच्या ताम्रपटाची माहिती नव्हती, आणि तो इतिहासाचा एम. ए. होता.

याच शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघाला अर्पण केले. शेजारचे 17 क्रमांकाचे लेणे त्याच काळातले. त्याच्या ओसरीच्या डाव्या टोकाला भिंतीवर एक भव्य चक्र रंगवलेले आहे. बराच भाग गळून गेला आहे, तरी त्याच्या घेरात घरे, माणसे, जनावरे ओळखता येतात. पूर्वीच्या युरोपीय प्रवाशांना ते राशिचक्र वाटले आणि म्हणून त्या लेण्याला ‘राशींचे लेणे’ असे नावच पडले होते. वास्तविक ते भवचक्र आहे. भव म्हणजे होणे; एका कारणातून दुसरे कार्य, त्यातून तिसरे, असे जे फिरत राहते ते. राशिचक्रात माणसाचे दैव ग्रहांनी ठरते, भवचक्रात कारणांनी. आणि कारण सापडले की ते तोडता येते. सहलीला गेलो की त्या भिंतीसमोर आम्ही मुलांना जरा जास्त वेळ थांबवतो. पहारेकरी रागावतात.

आता आरंभीच्या वाक्यातील दुसऱ्या शब्दाकडे. वाटोळे म्हणजे मुळात केवळ गोल. संस्कृत वर्तुल, प्राकृत वट्टुल, मराठी वाटोळा. वाटोळा चेहरा म्हटले तर कोणी रागावत नाही. वाटोळे झाले म्हटले की सर्वनाश. गोलाचा शून्याशी संबंध जोडून हा अर्थ आला असावा असे आमचे मत आहे. त्या वर्तुळाच्या मुळाशी ‘वृत्’ हा धातू आहे आणि आपली ‘वाट’ही त्याच धातूची, वर्त्मनापासून आलेली. चाक फिरते म्हणून वाट पडते. याच ‘वृत्’पासून वर्तन, परिवर्तन आणि प्रवर्तन हे शब्द झाले. तथागतांनी सारनाथला पाच परिव्राजकांपुढे जो पहिला उपदेश केला त्याचे पाली नाव धम्मचक्कप्पवत्तन. त्यातील ‘पवत्तन’ म्हणजे प्रवर्तन, चाक पुढे जाण्यासाठी गतिमान करणे.

येथे एक तक्रार नोंदवतो. दरवर्षी कितीतरी फलकांवर आणि पत्रिकांवर ‘धम्मचक्र परिवर्तन दिन’ असे छापलेले दिसते. परिवर्तन म्हणजे बदल, पालटणे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात माणसांचे परिवर्तन झाले, समाजाचे झाले. धम्मचक्राचे झाले नाही. चक्र तेच होते, थांबलेले होते, ते पुन्हा चालू झाले. म्हणून ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’, किंवा पहिले प्रवर्तन तथागतांचे म्हणून ‘अनुप्रवर्तन’ असेही काही जण लिहितात. तेही योग्यच आहे. फलक रंगवणाऱ्याला दोष देऊ नये. मजकूर लिहून देणाऱ्याने तपासून द्यावा, आणि तो लिहून देणारा पुष्कळदा आपलाच माजी विद्यार्थी असतो.

विहिरीवरचा रहाट हाही चाकच. अरघट्ट हे त्याचे जुने नाव. त्यातील ‘अर’ म्हणजे आरा. रहाटगाडगे म्हणून संसाराला उपमा देतात, भरलेले गाडगे वर येते, रिकामे खाली जाते. आमच्या आजोबांना ही उपमा पटत नसे. त्यांच्या तरुणपणी गावच्या विहिरीवरचा रहाट त्यांच्यासाठी फिरत नव्हता. कोणी वरून पाणी ओतले तर खाली धरलेल्या मडक्यात पडे. त्या उपमेतले वर येणारे गाडगे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. ‘फेरा’ म्हटले की त्यांना जन्म-मरणाचा नव्हे, सावकाराकडच्या चकरांचा फेरा आठवे.

शून्य गुणांचा तो विद्यार्थी आज ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे दुरुस्त करतो. मागच्या वर्षी भेटला तेव्हा आम्ही त्या उत्तरपत्रिकेबद्दल त्याची क्षमा मागितली. त्याला काहीच आठवत नव्हते. “सर, बेअरिंगले मराठीत काय म्हनतात?” एवढेच त्याने विचारले. आम्हांला सांगता आले नाही.

पुढील शैक्षणिक वर्षात शाळेच्या ग्रंथालयात घरच्या शब्दांची एक वही ठेवण्याचा विचार आहे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी गाडी, विहीर, जाते, चक्की, खळे, चरखा आणि यंत्रे यांच्या फिरणाऱ्या भागांना आपल्या घरी जे नाव असेल ते, जसे बोलतात तसेच, पोस्टकार्डावर लिहून पाठवावे. शुद्ध करून पाठवू नये. सोबत गावाचे नाव आणि तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकला तेही लिहावे.